रिकाम्या खुर्चीची चौकशी

निघायच्या गडबडीत मी एक आगाऊपणा केला. आमच्या डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघाची हजेरी माझ्याकडे असते. कल्याणहून येणारी सुमन पंधरा दिवस दिसली नव्हती, फोनही लागत नव्हता. तिच्या नावापुढे मी खुशाल लिहिलं, 'मुलाकडे, पुण्याला', आणि लेकीकडे जायचं विमान पकडलं.

लेक राहते लाइपझिगला, पूर्वीच्या समाजवादी पूर्व जर्मनीत. दुपारी रस्त्यावर इतकी शांतता की आपलीच चप्पल मोठ्याने वाजते. चौथ्या दिवशी शेजारच्या हेल्गाबाई मला त्यांच्या म्हाताऱ्यांच्या मंडळात जेवायला घेऊन गेल्या. मंडळ जुन्या राजवटीतलं. राजवट गेली, मंडळ राहिलं. जेवायला आइन्टॉप्फ (मसूर-बटाट्याचं दाट सार), तिखटाशी फारकत घेतलेलं. मी पिशवीतून लसणीची चटणी काढली. तिघांनी चाखली आणि तिघंही लालबुंद झाले! तरी रोज ये म्हणाले, आणि मी जाऊ लागले.

पुढच्या आठवड्यात मला ताप आला. लेक कामावर गेली होती, कुणाला न कळवता झोपून राहिले. दुपारी बेल वाजली. दारात हेल्गाबाई आणि काठी टेकत आलेले एक आजोबा, चार मजले चढून धापा टाकत होते. हेल्गाबाईंनी भाषांतराचं अ‍ॅप लावून मोबाईल पुढे धरला. त्यातली बाई मराठीत बोलली, "तुमची खुर्ची रिकामी आहे. आम्ही अजून जेवलो नाही."

"आई, पद्धतच आहे त्यांची," लेक संध्याकाळी म्हणाली. "कोणी आलं नाही तर आधी दार वाजवायचं, मग ताटं वाढायची."

मला रडू आलं. सुमनचं दार मी वाजवलंच नव्हतं.

दोन महिन्यांनी परतले आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी रिक्षाने कल्याण गाठलं. अर्ध्या तासाचं अंतर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी परदेशातून घालून आले होते. बेल दाबली. बराच वेळ कोणी येईना. मग सुमनने वॉकर धरून दार उघडलं.

"अगं, हे काय? मला वाटलं तू पुण्याला."

"खुबा मोडला. पडले तेव्हा फोनही फुटला, सगळ्यांचे नंबर गेले. मुलगा ऑपरेशन उरकून परत गेला."

तिने इस्त्रीची साडी नेसली होती, पावडरही लावली होती.

"कुठे निघालीस का?" मी विचारलं.

"कुठे जातेय! रोज पाचला तयार होऊन बसते. म्हटलं, संघातलं कुणीतरी बघायला येईल."