ड्रायव्हरच्या दाराशी काढलेल्या चपला

"या चपला इथून हलव."

साहेब माझ्याकडे बघून बोलले नाहीत. चपलांकडे बघून बोलले.

पोर्चमध्ये पाहुण्यांची मोठी गाडी उभी होती, एका बाजूनं जॅकवर उचललेली. ड्रायव्हरच्या दाराखाली, पांढऱ्या चकचकीत लाद्यांवर, माझ्या वडिलांच्या चपला होत्या. टाचा झिजलेल्या. एका अंगठ्याला तांब्याच्या तारेचा टाका. अण्णा पलीकडच्या बाजूनं गाडीखाली शिरले होते. इकडून ते दिसत नव्हते. दिसत होत्या त्या फक्त चपला.

मी म्हणाले, "साहेब, खाली माणूस असला की चपला ड्रायव्हरच्या दाराशी काढतात. गाडीत बसायला येणाऱ्याला कळावं म्हणून."

"आम्हाला माहितीये ना माणूस आहे ते. आंधळे आहोत का आम्ही?"

साहेबांच्या बाई मागून हसल्या. "पाहुणे बाहेर येतायत नाश्त्याला. त्यांना काय हे प्रदर्शन दाखवायचंय?"

साहेबांनी बुटाच्या टोकानं एक चप्पल ढकलली. मग दुसरी. दोन्ही लाद्यांवरून घसरत पायरीखाली गेल्या. एक उलटी पडली.

उलटी चप्पल आमच्या घरात कुणी तशी राहू देत नाही. भांडण होतं म्हणतात. मी सुलट करायला वाकले.

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. "त्याच हातानं चहा देणारेस ना?"

गाडीखालून अण्णांचा आवाज आला. "असू दे गं पोरी. आत्ता व्हतंय काम."

मी सरळ उभी राहिले. चहा आणायला आत गेले.

हा बंगला लोणावळ्यात, तुंगार्लीकडे. मी तिथं नोकरीला होते. साहेब मुंबईला राहत, बंगला सुट्टीला भाड्यानं देत. त्या शनिवारी मात्र साहेब आणि बाई स्वतःच पाहुण्यांना घेऊन आले होते. येणाऱ्यांचं बुकिंग बघायचं, खोल्या दाखवायच्या, स्वयंपाकाच्या मावशींना सांगायचं, हे माझं काम. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. तळेगावला कॉलेजला जायची तेव्हा अण्णा रोज सकाळी कामशेत स्टेशनपर्यंत सोडायला यायचे. गाडी येईपर्यंत फलाटावर थांबायचे, पण थोडे लांब. कपड्यांना ऑइलचा वास येतो म्हणून. मी कितीदा जवळ बोलावलं. यायचे नाहीत. पदवीदान झालं त्या दिवशी त्यांनी रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं, मग लिंबानं. तरी नखं काळीच राहिली. माझ्या सरांना त्यांनी नमस्कार केला तो हात पाठीमागे लपवून, नुसती मान वाकवून.

त्या शिक्षकांचे उपकार मी विसरणार नाही. अण्णांचे तर नाहीच. म्हणूनच हे लिहिते आहे.

अण्णांचं गॅरेज कामशेतला, जुन्या हायवेच्या कडेला. पत्र्याची शेड. तिथं ते आणि रमजानचाचा, दोघांची भागीदारी. मी जन्मायच्या आधीपासूनची. त्या शेडला एक शिस्त होती. गाडी सपाट जागी घ्यायची. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांच्यामागं दगड लावायचा. जॅकनं उचलायची. मग चेसीखाली लोखंडी घोडी ठेवायची आणि गाडी हळूच तिच्यावर उतरवायची. जॅक नुसता उचलायला. वजन घोडीनं धरायचं. घोडी म्हणजे तीन पायांचा लोखंडी टेकू, दुसरं काही नाही. पण ती नसेल तर आमच्या शेडमध्ये कुणी गाडीखाली बोटसुद्धा घालायचा नाही.

घोडी लागली की अण्णा गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायचे. चाचा म्हणायचे, "हलव हलव, आंबे पडतील." गाडी हलली नाही की मगच चपला काढायच्या. ड्रायव्हरच्या दाराखाली, टोकं बाहेर करून. त्या ओलांडल्याशिवाय कुणाला गाडीत बसता येत नाही. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक येतं, त्याचं पोर येतं, कुणीही दार उघडून स्टिअरिंगवर बसतं. चपला दिसल्या की थांबतं. पाहुणा असो की पोलीस, त्या चपला अण्णांखेरीज कुणी उचलायच्या नाहीत, हा नियम.

त्या दिवशी पाहुण्यांची गाडी लोहगडाच्या वाटेवर दगडाला घासली होती. सायलेन्सर लोंबत होता. साहेबांनी मला विचारलं, तुझे वडील मेकॅनिक ना? मी फोन केला. अण्णा स्कूटरवर आले. मागं गोणपाटात दोन्ही घोड्या बांधलेल्या.

साहेबांनी घोड्या बघितल्या. "हे लोखंड लाद्यांवर ठेवायचं नाही. खड्डे पडतील. इटालियन आहेत."

अण्णा म्हणाले, "खाली फळी टाकतो साहेब."

"फळीला ऑइल आहे तुमच्या. डाग जाणार नाही."

"मग गाडी भाईर रस्त्यावं घेऊ. ढकलून घेऊ आमी."

"शनिवार आहे. गेटबाहेर रांग लागलीये गाड्यांची. इथंच करा."

"निदान डिकीतली स्टेपनी तरी काढून खाली सारतो. गाडी बसली तर चाकावं बसंल."

"डिकीत सगळ्यांच्या बॅगा आहेत. आता कुठं उतरवता? जॅक आहे ना? दहा मिनिटांचं काम."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या बंगल्याचा युनिफॉर्म घातला होता, निळा, खिशावर बंगल्याचं नाव. ते त्या नावाकडे बघत होते. मग त्यांनी घोड्या उचलून गेटबाहेर स्कूटरपाशी नेऊन ठेवल्या.

मी मागोमाग गेले. "अण्णा, नका जाऊ खाली. नाही म्हणा."

"तुज्या साहेबाचं काम हाय," ते म्हणाले. "तुला हितं रोज उभं ऱ्हायचंय."

जॅकवर चढवल्यावर त्यांनी गाडी हलवून बघितली. गाडी हलली. ती हलताना मी बघितली, त्यांनीही बघितली. तरी चपला काढल्या, टोकं बाहेर करून ठेवल्या, आणि आडवे झाले.

मी ट्रेमध्ये कप ठेवत होते तेव्हा आवाज झाला. फार मोठा नव्हता. दार जोरात लागावं तसा.

पाहुण्यांपैकी एकजण मोबाईल चार्जिंगला लावायला ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. वजन पडलं, गाडी डुलली, गुळगुळीत लादीवरून जॅक सरकला. तो माणूस बाहेर उभा राहून सांगत होता, "मला कोणी दिसलंच नाही. खरंच दिसलं नाही." तो खोटं बोलत नव्हता. जे दिसायला हवं होतं ते पायरीखाली पडलं होतं. एक सुलटी, एक उलटी.

वॉचमन, साहेबांचा ड्रायव्हर, पाहुणे, सगळ्यांनी हातांनी गाडी उचलून धरली. मी गेटबाहेर पळत गेले आणि घोडी आणली. त्याच लाद्यांवर ठेवली. गाडी तिच्यावर टेकली आणि राहिली. अण्णांना बाहेर ओढलं.

लादीला खड्डा पडला नाही. मी नंतर मुद्दाम बघितलं. ओरखडासुद्धा नाही.

अण्णा वाचले. आमच्याकडे लोक असंच म्हणतात, वाचले. मणका गेला. कमरेखाली काही कळत नाही. आई त्यांना कुशीवर वळवते, पुसते, परत वळवते. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा कुणीतरी त्यांच्या चपला पिशवीत घालून दिल्या होत्या. आईनं त्या दाराशी ठेवल्या. काही दिवसांनी उचलून माळ्यावर टाकल्या. अण्णांना आता चपला लागत नाहीत.

चौकशीला हवालदार यायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. खुर्चीवर बसायला सांगितलं. तिथं मला पहिल्यांदाच खुर्ची मिळाली.

"झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण घोड्या न लावता गाडीखाली शिरणं म्हणजे हलगर्जीपणाच ना? तू शिकलेली मुलगी आहेस. तुला समजतं. एवढंच सांग, की त्यांनी घोड्या आणल्याच नव्हत्या. तुझी नोकरी आहेच. आपल्या घरातलीच तू."

बाईंनी चहा आणला होता. स्वतः. माझ्यासमोर ठेवला.

माझ्या डोळ्यांपुढे फलाट आला. लांब उभा राहिलेला माणूस. आयुष्यभर तो लांब उभा राहिला, वास येऊ नये म्हणून, डाग पडू नये म्हणून. एकदाच त्यानं कुणाच्या अंगणात दोन वितीची जागा मागितली. घोडीच्या पायांपुरती. ती मिळाली नाही. आणि आता मी सांगायचं की त्यानं ती मागितलीच नव्हती.

"आणल्या होत्या," मी म्हणाले. "तुम्ही ठेवू दिल्या नाहीत. चपलाही तुम्हीच ढकलल्या. बुटानं. मी हेच सांगणार."

चहा तसाच ठेवून उठले. युनिफॉर्मचा निळा शर्ट दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून वॉचमनकडे दिला.

जे घडलं ते सगळं मी हवालदारांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता. शेवटी म्हणाले, "ताई, हे सगळं खरं असंल. पण जबरदस्ती तर कुणी केली नव्हती ना? तुमच्या वडिलांनी न्हाई म्हणायचं होतं मग."

त्यापुढे काही झालं नाही. बंगला भाड्यानं जातो. शनिवारी पोर्चमध्ये गाड्या असतात.

न्हाई म्हणायचं होतं. या वाक्याला मी अजून धडकते आहे. मी पंधरा वर्षं शिकले. अर्ज लिहायला शिकले, आभार मानायला शिकले, साहेबांसमोर कसं उभं राहायचं ते शिकले. नाही कसं म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नाही, आणि अण्णांना तर म्हणायची सोयच नव्हती. त्यांच्या 'नाही'ची किंमत माझ्या खिशावर शिवलेली होती.

आता मी गॅरेजमध्ये बसते. चाचा काम करतात, मी फोन घेते, सामान आणते, बाहेरच्या कामाला त्यांच्याबरोबर जाते. बंगल्यांची कामं निम्मी सुटली. "त्या पोरीची कटकट असते," असं लोणावळ्यात बोलतात. चाचाही वैतागतात. "पोरी, आपन बोललो की गिऱ्हाईक जातंय."

"आणि नाही बोललो तर?"

चाचा पाना उचलून परत कामाला लागतात. अण्णांना भेटायला ते रोज येतात, पण पलंगाच्या पायथ्याशी बसत नाहीत. उशाशीच बसतात. पायांकडे त्यांना बघवत नाही.

मागच्या आठवड्यात पवनानगरच्या रस्त्याला एका नव्या बंगल्यावर बोलावलं. क्लचचं काम. तसंच पोर्च, तशाच लाद्या, वर उतार. मालक नवे, तरुण, बोलायला चांगले. घोडी बघून म्हणाले, "एवढं कशाला काका? जॅकवर होऊन जाईल."

चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चटकन व्हतंय तसं."

"चाचा, मागं सरा," मी म्हणाले. मग मालकांना म्हणाले, "जॅक पुरतो म्हणता ना? मग चाचा खाली आहेत तोवर तुम्ही एक हात गाडीखाली धरून ठेवा."

"हे काय बोलणं झालं?"

"माणूस चालतो, तर हात का नाही?"

त्यांनी आम्हाला जायला सांगितलं आणि तिथूनच दुसरीकडे फोन लावला. आम्ही सामान गोळा करून टेम्पोत भरेपर्यंत दुसरा मेकॅनिक आलाही. शिरगावकडचा, माझ्याच वयाचा. मी त्याला म्हणाले, "दादा, आमची घोडी घे. काम झाल्यावर दे."

त्यानं घोडीकडे बघितलं. मग मालकांकडे बघितलं. "नको ताई," म्हणाला. "साहेबांना उशीर होतोय."

गाडी जॅकवर चढली. त्यानं हलवून बघितली नाही. चपला पायातच ठेवून, पाठीवर सरकत तो खाली गेला. ड्रायव्हरच्या दाराखाली काहीच नव्हतं. नुसती लादी.

चाचा टेम्पोत बसले होते. "चल," म्हणाले. "आपलं काम ऱ्हायलं न्हाई हितं."

तेवढ्यापुरतं ते खरं होतं. त्या पोराला आम्ही वाचवू शकत नव्हतो. जॅक सरकला असता तर मी काहीही करू शकले नसते. उद्या तो दुसऱ्या पोर्चमध्ये असाच शिरेल, परवा तिसऱ्या.

मी परत आत गेले. ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहिले. माझ्या चपला काढल्या. टोकं बाहेर करून ठेवल्या. ऊन होतं, लादी भाजत होती. घोडी शेजारी आणून उभी केली, हाताला येईल अशी.

मालक जिन्यातून म्हणाले, "मॅडम, तुमचं काम झालंय ना? या चपला हलवा इथून."

"खाली माणूस आहे," मी म्हणाले. "तो बाहेर येईपर्यंत या हलणार नाहीत. मीपण नाही."

ते एक पायरी खाली उतरले. त्यांच्या पायात पांढरे बूट होते. मी त्या बुटांकडे बघत राहिले.