चाकाखालचा ठोकळा

देवासात समाजातल्या कुणाचंही लग्न असो, दत्तूकाका हॉलमध्ये शिरायच्या आधी पार्किंगमध्ये जायचे. कुबडी गाडीला टेकवायचे, पिशवीतून लाकडी ठोकळा काढायचे आणि शिर्क्यांच्या गाडीच्या चाकाखाली सारायचे. मग मला म्हणायचे, "चल, आता जेवण पचेल."

काका आमचे शेजारी. विमानतळावर एका ठेकेदाराकडे सामानाचा ट्रॅक्टर चालवायचे. शिर्के त्यांचे सुपरवायझर, देवासचेच. ट्रॅक्टरचा हँडब्रेक लागत नाही, हे काकांनी सकाळीच त्यांना सांगितलं होतं. "आज का दिन चला लो भिया, उद्या बघू," शिर्के म्हणाले. दुपारी काका उतरून मागे ट्रॉली जोडत होते, तेव्हा ट्रॅक्टर मागे घसरला. डावा पाय मधे चेचला, गुडघ्याखालून कापावा लागला. चौकशीत शिर्क्यांनी तोंड वर करून सांगितलं, ब्रेक ठीक होता, दत्तूनेच चाकाला ठोकळा लावला नाही. काकांची नोकरी गेली.

लोक समजवायचे, जाऊ द्या आता. काका म्हणायचे, "नोकरी नको, भरपाई नको. तिथं खोटं बोलला ना, ते चारचौघांत खरं बोलून दाखव म्हणावं, बस." काका आज नाहीत, पण मला अजून त्यांचंच पटतं. क्षमेचे गोडवे गाणाऱ्यांचे दोन्ही पाय शाबूत असतात.

पुढे शिर्के कंटाळून धारला राहायला गेले. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला काका, बोलावणं नसताना, माझ्या स्कूटीवर मागे बसून धारला पोचले. या वेळी ठोकळा व्याह्यांच्या गाडीखाली गेला. जेवणं आटोपून व्याही निघाले, तर गाडी अडली. काका न जेवता तिथंच उभे होते. व्याही उतरले. "हे कुणी केलं?"

"मी," काका म्हणाले. "का, ते यांना विचारा."

शिर्के हसले. "पागल आहे हो तो, सोडा ना."

व्याही जागचे हलले नाहीत. शेवटी शिर्क्यांची मुलगीच म्हणाली, "बाबा, सांगून टाका ना."

शिर्के खाली बघत बोलले, "ब्रेक खराब होता. दत्तूने मला सांगितलं होतं. मी खोटं बोललो."

काकांनी वाकून ठोकळा काढला. मी धरायला गेले तर माझा हात झटकला. व्याही म्हणाले, "झालं ना? आता माफ करा आणि जेवून घ्या."

"जेवतो," काका म्हणाले. "माफ नाही करत."

आणि पोटभर जेवले. श्रीखंड दोनदा मागितलं, दोन्ही वेळा शिर्क्यांच्याच हातून वाढून घेतलं.