बटाट्यासारखा गोल

खारघरच्या साइटवर मी झाडू मारायची, तेव्हा एक इंजिनीयर मॅडम होत्या. नाव विचारायचं धाडस कधी झालं नाही. केसांत पेन्सिल खोचून त्या फळ्यावर गोल काढायच्या. एक गोल म्हणजे एक काम; कुठल्या कामानंतर कुठलं, ते बाणाने दाखवायच्या.

एकदा नळाच्या गोलातून बाण थेट लादीच्या गोलावर गेला. झाडू भिंतीला टेकवून मी बोलले, "मॅडम, बाथरूममध्ये पाणी भरून बघायचं राहिलं. मागाहून गळलं तर लाद्या उखडाव्या लागतील."

तो बाण पुसून त्या हसल्या. "बाण पुसता येतो मावशी, लादी नाही. घ्या मार्कर, तुम्हीच काढा."

माझा गोल बटाट्यासारखा आला.

दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये पाणी भरलेलं आणि लादीवाले बाहेर बसलेले. मला इतकं हसू येत होतं की झाडलेली खोली मी पुन्हा झाडली.