एका झाडाचा कौल

ये गो बाय, अशी जवळ बस. महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाहीस, आणि आलीस की लगेच परतीची एसटी कधी ते विचारतेस! आज तुझ्या आजोबांचं सांगते, म्हणजे माझ्या दादाचं.

पहिल्या मोठ्या लढाईत सरकारने दादाला फ्रान्सला नेला, तो बंदूक धरायला नाही, झाडं तोडायला. तिथे रानाच्या पोटात एक जुनं शहर होतं म्हणे. राजाचा शिकारीचा महाल, दारावर दगडी सांबर, आणि शहराएवढंच म्हातारं रान. ते दादाच्या टोळीने खंदकांच्या फळ्यांसाठी आडवं केलं.

"एक म्हातारी रोज यायची गो," दादा सांगायचा, "तोडलेल्या बुंध्यावर हात ठेवून बसायची. शिवी नाही, शाप नाही. मेलं तेच सोसवत नाही."

घरी आल्यावर त्याने कुऱ्हाडीला हात लावला नाही. आपल्या पाली गावाच्या वरच्या अंगाला आमची देवराई. तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, असा रिवाज. दादा संध्याकाळचा तिथे जाऊन बसायचा. तेवढ्यापुरता जरा माणसात यायचा.

पुढे देवळाचा एक खांब वाळवीने खाल्ला. गुरवाने देवाला कौल लावला. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवून विचारलं, खांबासाठी राईतलं एक ऐनाचं झाड तोडू का? उजवी पाकळी पडली. म्हणजे होकार. नेमका तेव्हाच कोळशाचा ठेकेदार गावात आलेला. झालं! देव हो म्हणालाच आहे, सगळी राई त्याला देऊन टाकू, त्या पैशात गावाला विहीर होईल, असं गावकऱ्यांनी ठरवलं.

दादा बैठकीत उभा राहिला. "कौल एका झाडाचा होता. राईचा नव्हता."

एकजण म्हणाला, "काय ओ फ्रान्सवाले, तिकडचं रान पाडलंत तेव्हा कुठल्या देवाला कौल लावलात?"

सगळे हसले. मी दाराआडून बघत होते. वाटलं, आता बोलेल, आता बोलेल. दादा खाली बसला.

राई पडली तेव्हा तो एकेका बुंध्यावर हात ठेवत फिरला. मग ट्रंक उचलून मुंबईला गिरणीत गेला. संसार तिथेच मांडला. शिमग्याला पालखी दारात आली की मी वाटेकडे बघायची. नाही आला गो. गेला तोही तिकडेच.

त्या ऐनाचा खांब देवळात अजून उभा आहे. तुझ्या बापाने तो पाहिलेला नाही. त्याला घेऊन ये, एकदा हात लावू दे. आणि लवकर ये, बाय.