रूपालीच्या घेवड्याला पाणी कोण घालणार?

हे गेल्यापासून सुट्टी म्हणजे मला शिक्षाच वाटते. फ्रिज आवरायचा, टीव्ही लावायचा, झोपायचं. म्हणून जामखेडजवळच्या एका गावात बालवाडी चालवणारी माझी मैत्रीण सुरेखा फोनवर म्हणाली, "ये की, पोरांची बाग बघायला," तेव्हा लगेच पिशवी भरली.

पुण्याहून एसटीने नगर, तिथे गाडी बदलायची. पाट्यांवर अहिल्यानगर आलंय, कंडक्टर मात्र अजून "नगर, नगर" करत घसा कोरडा करतात. बायकांना अर्धं तिकीट, वर खिडकी मिळाली, आणखी काय हवं! पुढचा रस्ता मधेच बीड जिल्ह्यात शिरून परत येतो. शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामीच होती, तरी मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. सुरेखाकडे हुलग्याची गरमागरम शेंगोळी होती. तिकडे गेलात तर मागून खा.

सकाळी बालवाडीत गेलो. मागच्या अंगणात प्रत्येक पोराचा एकेक वाफा. दसरा झाला की इथली बरीच घरं ऊसतोडीला जातात, पोरंही सोबत. म्हणून सुरेखाचा नियम असा, की जाणाऱ्याने आपला वाफा कुणाच्या तरी हवाली करायचा, आणि तोही स्वतःच्या तोंडाने विचारून. बाई मध्ये पडणार नाहीत.

पाच वर्षांच्या रूपालीच्या घरच्यांचा ट्रॅक्टर दुपारी निघणार होता. तिचा घेवडा नुकताच काठीवर चढू लागलेला. बाकीच्यांचं ठरलं होतं, हिला विचारवेना. मैत्रीण एकच, गंगा, आणि तिच्याशी कट्टी! रूपाली तोंड फुगवून वेलापाशी बसून राहिली. मला बघवेना.

"अगं, मी घालते पाणी," मी म्हणाले.

"तू उद्या जाणार ना?" सुरेखा हळूच म्हणाली.

खरंच होतं. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला.

दुपारी बाहेर हॉर्न वाजला. रूपाली उठली, गंगासमोर उभी राहिली आणि फ्रॉकचं टोक पिळत म्हणाली, "माज्या घेवड्याला पानी घालशील का?"

गंगाने वेलाकडे एकदा नीट बघितलं. "घालीन. पन शेंगा मी खानार."

"खा की. समद्या नगं पन."

ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत गंगा झारी घेऊन दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी घरी आले. कुलूप काढलं, आत सगळं जसंच्या तसं. शेजारच्या देशपांडेबाईही एकट्याच असतात. संध्याकाळी हिंमत करून त्यांची बेल वाजवली. माझ्याकडे जेवायला याल का, एवढंच विचारायचं होतं.

दार उघडलं. "काय हो, काही हवंय का?"

"नाही, सहज," म्हणाले आणि परत फिरले. रूपालीला ते किती जड गेलं असेल, हे तेव्हा कळलं. भात एकटीपुरताच लावला.