पाण्याचं पुसणं

बाबा जंगलात बांबू तोडायचे, आई तेंदूपत्ता. कुडाचं घर. रेडिओ शेजाऱ्याच्या ओसरीवर वाजायचा आणि बाबा कुंपणाबाहेर उभे राहून बातम्या ऐकायचे. आत ये म्हणणारं कोणी नव्हतं. त्या घरातून मी बी.एस्सी. झाले, अहेरीत नोकरीला लागले, घरून जगभर बोलता येणाऱ्या हौशी बिनतारी यंत्राचा, हॅम रेडिओचा, परवाना काढला. घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे मी मिरवतेच.

अँटेनाचा बांबू बाबांनीच निवडला. अंगणातून जपान, इटली ऐकू यायला लागलं. हॅमवाल्यांच्या स्पर्धा होतात, त्यांत ठरल्या वेळात जास्तीत जास्त देश गाठायचे असतात. आवाज कसा येतो ते सांगायचं, आपला क्रमांक द्यायचा, की पुढचा. पहिल्याच स्पर्धेत बाजेवर बसलेले बाबा मध्येच बोलले,

"काऊन वो बाई, माणूस इतक्या लांबून आला, अन् तू त्याले पाणीबी नाई पुसलं?"

"बाबा, तो घरी नाई आला."

"आवाज घरात आला ना? मंग?"

तेव्हापासून दर स्पर्धेनंतर टोमणा ठरलेला, "आज किती पाहुणे कोरडेच धाडले?"

आता बहुतेक संपर्क संगणकच करतो. आवाज पोचत नाही तिथूनही संगणकाचे संकेत येतात आणि पडद्यावर नुसती ओळ उमटते. पण बाबांना पडदा दिसत नाही, डोळे गेले. मी देशांची नावं वाचून दाखवते. ते विचारतात, "बोललं कोण?"

कोणीच नाही. मलाही पूर्वीचे ते आवाज आठवतात. कोणाला सर्दी झालेली, कोणाच्या मागे कुत्रं भुंकणारं. ब्राझील पडद्यावर कितीदा आलं, आवाजानं कधीच नाही.

"कान हायेत तवर लई लांबचा एखादा आवाज ऐकव," बाबा म्हणायचे.

यंदाच्या स्पर्धेत संगणक बंद ठेवला आणि माईक घेतला. दिवेलागणीला खरखरीतून एक बाई बोलली. ब्राझीलची. क्रमांक दिले-घेतले. तिच्याशी बोलायला माझ्यामागे कितीतरी जण खोळंबले होते. तरी मी इंग्रजीत म्हटलं, माझे वडील विचारतात, पाणी घेणार का?

ती हसली. म्हणाली, घेते, त्यांना सांगा.

बाबांना इंग्रजी येत नाही. "हासली ना? मंग घेतलं तिनं," म्हणाले.

आमच्या अंगणातून ब्राझीलशी आवाजानं बोलणं झालं. बाबांनी ते ऐकलं.