म्होरकीतले घेणेकरी

आपली नादारी जाहीर करायला निघताना सगळ्या घेणेकऱ्यांना आपल्याच मोटारीत, तेही फुकट, बसवून कोर्टात घेऊन गेलेला माणूस आबांशिवाय बारामती-इंदापूर रस्त्यावर दुसरा झाला नाही, आणि पुढे कधी होईल असं मला वाटत नाही. त्यातही निघताना त्यांनी माणसं मोजली, तर एक घेणेकरी कमी भरला. झालं. कोर्टाची वेळ होत आलेली, वकील बाकावर बसून घड्याळ काढून दाखवतायत, आणि यांनी गाडी वळवून लोहाराच्या दारात नेऊन उभी केली. लोहार बिचारा भाता ओढत बसला होता. "कशाला येऊ आबा? तुमाला लाज वाटंल," म्हणाला. "माझी लाज माझी मी बघतो, तू चढ," आबा म्हणाले. "समदी आल्याबिगर गाडी हालत न्हाय." लोहार हात पुसत चढला, तेव्हा कुठे आम्ही आबांचं दिवाळं वाजवायला निघालो.

'आम्ही' म्हणतोय, कारण त्या घेणेकऱ्यांत मीही होतो. तेव्हा मी इंदापूरला शाळामास्तर होतो आणि बिऱ्हाड बारामतीला होतं. दर शनिवारी शाळा सुटली की घरी जायचं आणि सोमवारी उजाडता परत यायचं, ते आबांच्या मोटारीतून. मी मुळात कमी बोलणारा. इतकी वर्षं आबांविषयी कुणी विचारलं की "हो, माणूस गमतीचा होता" एवढं म्हणून मी विषय बदलत आलो. कारण त्यांच्याविषयी धड बोलायचं तर थोडं स्वतःविषयीही बोलावं लागतं. आता केस पिकले. बोलून टाकतो.

आबा मूळचे निरवांगीकडचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. पण एकदा पुण्याला लोकर घालायला गेले आणि तिथे मोटार बघितली; परत आले तेव्हा मेंढरांत लक्ष राहिलं नव्हतं. आपल्या वाट्याचा कळप विकून त्यांनी कुणाची तरी वापरलेली मोटार घेतली, तिच्यावर बाक ठोकले, टप बसवला आणि तिचं नाव ठेवलं म्होरकी. कळपाच्या पुढे चालणाऱ्या मेंढीला म्हणतात ते. जुन्या म्होरकीच्या गळ्यातली पितळी घंटा त्यांनी नव्या म्होरकीच्या तोंडाशी बांधली. त्यामुळे मोटार दिसायच्या आधी घंटा ऐकू यायची, आणि भोंगा बिघडला तरी काही अडत नसे. भोंगा बहुधा बिघडलेलाच असे. कळप सोडला तरी कळप हाकायची रीत मात्र त्यांना सोडता आली नाही. गाडी सुटायची झाली की दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायचे. बायाबापड्या दचकून पटापट चढायच्या. एकदा एका मामलेदार कचेरीतल्या साहेबांनाही त्यांनी तशीच शीळ घातली, आणि साहेब लाल होत, पण मुकाट्याने, चढले.

सगळ्यात मोठं वेड मोजणीचं. प्रत्येक थांब्याला खाली उतरून, काठी पुढे करून, ते एकेका डोक्यावरून ती फिरवत आणि ओठांतल्या ओठांत मोजत. एखादं डोकं कमी भरलं की गाडी पुढे जायची नाही. एकदा निमगावच्या पुढे आल्यावर एक म्हातारी कमी भरली. आबांनी गाडी उलटी लासुर्ण्यापर्यंत नेली. म्हातारी आपल्या घरात, चुलीपुढे भाकरी थापत बसलेली. तिचं गाव लासुर्णंच.

"अगं म्हातारे, सांगून उतरावं की!"

"माझं गाव आलं, उतरले. त्यात सांगायचं काय, माझं लगीन हाय व्हय?"

आबांनी तिच्या डोक्यावरून काठी फिरवली, मोजणी पुरी केली, तेव्हा त्यांचा जीव खाली पडला. उशीर झाला म्हणून आम्ही ओरडत होतो, तर म्हातारीने सगळ्यांना एकेक कोर गरम भाकरी आणि वर लसणाची चटणी दिली. सावकाश जेवूनच पुढे निघालो. असल्या गाडीला कोण वेळेवर पोचवणार!

भाड्याच्या बाबतीत तर आनंदच होता. बाळंतपणाला माहेरी निघालेली पोर फुकट. दवाखान्यात निघालेला फुकट. कोर्टात निघालेलाही फुकट, कारण "त्याचं सगळीच घेत्यात, त्यात मी आनि कशाला?" मंदीची वर्षं होती. कालव्यामुळे ऊस मायंदाळ, पण गुळाला भाव नाही. "गूळ इकला की देतो" एवढं म्हटलं की आबांची काठी डोक्यावरून फिरायची आणि माणूस आत. गूळ विकलाच नाही तर कधीमधी ढेपच यायची. म्होरकीच्या मागच्या बाकाखाली नेहमी मुंग्या असत, त्या त्यामुळे. आणि याच रस्त्यावर एका दुसऱ्या मालकाने नवी मोटार आणली. तिला गाद्या होत्या, आणि तिकिटाबरोबर सोडावॉटरची बाटली मिळे. कुणीही चिडला असता. आबा मात्र आपल्याच उतारूंना सांगत, "घाईचं काम असंल तर त्यांच्यातनं जावा. लई पळती." ती नवी मोटार एकदा उन्हात बंद पडली, तेव्हा तिची सगळी माणसं यांनी म्होरकीत कोंबून घेतली, आणि भाडं एकाकडूनही घेतलं नाही. ते म्हणे आधीच तिकडे देऊन बसलेत.

असा धंदा किती दिवस चालणार? पेट्रोल आणि टायर उधार देणाऱ्या शेठजींचं देणं डोंगराएवढं झालं. शिवाय आम्ही किरकोळ घेणेकरी होतो. लोहार, टपाचं कापड शिवणारा शिंपी, निमगावचा चहावाला, आणि मी. बायकोच्या पाटल्यांसाठी साठवलेले पैसे मी इंजिनाच्या दुरुस्तीला दिले होते. आबांनी मागितले नव्हते, मीच दिले, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. शेवटी वकिलांनी नादारीचा अर्ज करायचा सल्ला दिला आणि मघाशी सांगितली ती वरात कोर्टात पोचली.

"तुमची मालमत्ता काय?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

"एक मोटार हाय सायेब. चालती."

"आणखी?"

आबांनी मागे ओळीने बसलेल्या आम्हा घेणेकऱ्यांकडे काठी फिरवली. "ही येवढी मानसं."

"माणसं मालमत्तेत येत नाहीत."

"मेंढरं येत्यात न्हवं?"

"मेंढरं येतात."

"मंग उगंच इकली म्हनायची," आबा म्हणाले. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला, तो बराच वेळ काढला नाही.

आता अक्कल चालवली ती मी. मोटार विकून टाकली तर भंगाराच्या भावात जाणार, कुणाच्याच पदरात काही पडणार नाही. त्यापेक्षा आबांना गाडी चालवू द्यावी, आणि शेठजींनी दरमहा हप्ता घ्यावा. मी उभा राहून हे असं काही पटवून दिलं की शेठजी राजी झाले आणि कोर्टाने हप्तेबंदी मंजूर केली. अट एकच. हप्ता थकला तर हप्तेबंदी मोडली, आणि म्होरकीचा लिलाव. राहिलो आम्ही किरकोळ. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मी म्हणालो, आपण रोख मागूच नये, मोटारीत बसून फेडून घ्यावं. जितक्या फेऱ्या माराल तितकं भाडं देण्यातून वजा. सगळ्यांना ते फार आवडलं. आबांनी तर माझे हात धरले. "मास्तर, तुमच्यामुळं म्होरकी वाचली."

त्यानंतर जे झालं त्याला काय म्हणावं? लोहार जन्मात आपला भाता सोडून कुठे गेला नव्हता, तो दर बाजाराला इंदापूरला यायला लागला. काम काही नसे. वेशीपाशी बसून पेरू खायचा आणि परत जायचा, वसुली झाली. शिंप्याने सासूला बसवलं, मग सासूच्या बहिणीला. चहावाला ज्या नातेवाइकांना वर्षानुवर्षं भेटला नव्हता त्यांना इतक्या वेळा भेटला की ते दार लावून घ्यायला लागले. म्होरकी सदा भरलेली. भाडं देणारा उतारू आला की त्याला टेकायला जागा नाही. तो निमूटपणे सोडावॉटरच्या गाडीकडे वळायचा. आणि आबा? आबा खुशीत! काठी फिरवून मोजता मोजता मला म्हणायचे, "बघितलंत का मास्तर, गाडीत मुंगी शिरायला जागा न्हाय. मंदी हटली म्हनायची!" मग महिना भरला की शेठजींच्या हप्त्याला गल्ल्यात काही नसे, आणि ते बुचकळ्यात पडत. गाडी भरून जाते, मग पैसे जातात कुठे?

ते मला ठाऊक होतं. मी गणित शिकवत होतो. माझं देणं शिमग्याच्या सुमारास फिटलं, हेही मला त्याच दिवशी कळलं होतं. निमगावच्या चढावर गाडी धापा टाकत होती, तेव्हा मनातल्या मनात हिशेब केला आणि तो बरोबर सुटला. उतरल्यावर सांगू, असं ठरवलं. आबांनी हात देऊन उतरवून घेतलं, "पोरीला आशीर्वाद सांगा," म्हणाले, आणि मी काही बोललो नाही. त्या वर्षी आमचा पगार कापला होता. धाकटी मुलगी तापाने अंथरुणाला खिळलेली, शनिवारी मी दारात दिसल्याशिवाय औषध घ्यायची नाही. कारणं खरी आहेत. पण पुढच्या शनिवारी मी त्याच पुढच्या बाकावर जाऊन बसलो, त्याच्या पुढच्याही, आणि आबांची काठी माझ्या डोक्यावरून फिरताना मी खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिलो. बाकीच्यांचं कधी फिटलं, फिटलं की नाही, मला माहीत नाही. पण युक्ती माझी होती. मी उठून "माझं झालं" म्हटलं असतं तर लोहारही उठला असता, शिंप्याची सासूही उठली असती, आणि त्या जागांवर भाडं देणारी माणसं बसली असती. मी उठलो नाही. पावसाळ्याच्या तोंडी हप्ते थकले आणि म्होरकी लिलावात निघाली.

ती घेतली सोडावॉटरवाल्याने. बेलीफ ताबा द्यायला आला तेव्हा आबा घंटा सोडत होते. "ती राहू द्या, मोटारीबरोबर आहे," तो म्हणाला. "घंटा मोटारीची न्हाय दादा, मेंढीची हाय," आबा म्हणाले. बेलीफाने इकडेतिकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. घंटा धोतराच्या सोग्यात गुंडाळून आबा निरवांगीच्या वाटेला लागले. आम्ही सगळे उभे होतो. जाताना त्यांनी सवयीने आम्हाला मोजलं.

चार-पाच वर्षांनी मी त्याच रस्त्याने, सोडावॉटरवाल्याच्या गाडीतून चाललो होतो. अंथुर्ण्याच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे रस्ताभर मेंढरं, आणि ओळखीची घंटा. मी छत्री तोंडापुढे धरणार, एवढ्यात शीळ आली.

"मास्तर! अवो, उतरा की खाली!"

उतरलो. आबा वाळले होते, पण हसणं तेच. खांद्यावरची नवी कोरी घोंगडी त्यांनी काढली आणि माझ्या हातात कोंबली. "लोहाराला दिली, शिंप्याला दिली, च्यावाल्याला दिली. तुमचंच तेवढं देनं ऱ्हायलं हुतं. तुमी घावतच नव्हता."

"आबा, कोर्टाने तुम्हाला केव्हाच मोकळं केलंय."

"कोर्टानं सोडलं, म्हंजी म्या सुटलो व्हय?"

तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "आबा, माझं काही राहिलं नाही. माझं शिमग्यालाच फिटलं होतं. पुढे लिलावापर्यंत मी फुकट बसलो. उलट तुमचंच माझ्याकडे निघतंय."

ते एवढे हसले की मेंढरं बुजली. "घोंगडी घ्यायची नसंल तर नगा घिऊ मास्तर, पर असलं खोटं बोलू नगा. तुमाला जमत न्हाय." आणि गाडीकडे वळून मोठ्याने, "बघा रं! मास्तरांनी देनं सोडलं, वर मला बरं वाटावं म्हनून आपल्याच अंगावर घेत्यात! अशी मानसं ऱ्हायली न्हाईत आता!"

मी पुन्हा एकदा सांगायला हवं होतं. खिशात पैसे होते, ते पुढे करायला हवे होते. मी घोंगडी त्यांच्या खांद्यावर ठेवली आणि गाडीत चढलो. लोकांनी सरकून मला खिडकीपाशी जागा करून दिली. एकाने तर नमस्कार केला.

ड्रायव्हर भोंग्यावर भोंगा वाजवत होता. आबांनी कळप कडेला घेतला, पण स्वतः गाडीच्या बाजूला उभे राहिले आणि काठी उचलली. सवय. एकेका डोक्यावरून काठी पुढे सरकत होती, ओठ हलत होते. मान आत ओढून घ्यावी असं मला वाटलं. मग मी ती थोडी बाहेरच काढली. मोजताना मी राहून गेलो असतो, तर त्यांनी गाडी सोडली नसती.